हार्लेमला जाऊन फ्रान्स हाल्स कसा पाहावा

ॲमस्टरडॅमला जाणारे बहुतेक पर्यटक रेम्ब्रांटचे 'नाइट वॉच' पाहतात, व्हॅन गॉगच्या म्युझियमला जातात, कालव्यातून बोटीने फिरतात आणि पुढच्या शहराची गाडी पकडतात. तिथून रेल्वेने जेमतेम वीस मिनिटांवर असलेल्या हार्लेममध्ये फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची आठ मोठी समूहचित्रे एकाच छपराखाली, फ्रान्स हाल्स म्युझियममध्ये आहेत, हे अनेकांना घरी परतल्यावर कळते. त्याचे 'लाफिंग कॅव्हेलिअर' लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे, 'जिप्सी मुलगी' पॅरिसच्या लूव्हरमध्ये आणि 'माले बाबे' बर्लिनमध्ये. ती चित्रे तिथे एकेकटी भेटतात. हार्लेममध्ये मात्र १६१६ पासून १६६४ पर्यंतचा, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांचा हाल्स ओळीने पाहता येतो. तिशी ओलांडलेला हात आणि ऐंशी ओलांडलेला हात एका सकाळीत पाहायला मिळतो. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा आणि चित्रे सालवारीने पाहा. खालची सगळी माहिती या दोन गोष्टी नीट जमाव्यात म्हणून दिली आहे.

निघण्यापूर्वी एवढे माहीत हवे

हाल्सचा जन्म १५८२-८३ च्या सुमारास अँटवर्पला झाला. १५८५ मध्ये ते शहर स्पॅनिश फौजेच्या ताब्यात गेले आणि हजारो कुटुंबे उत्तरेकडे निघाली. हाल्सचे कुटुंब त्यांतलेच, कापड उद्योगातले. हार्लेम तेव्हा जवसाच्या धाग्याच्या कापडासाठी, म्हणजे लिननसाठी, नावाजलेले होते. आजूबाजूच्या मोकळ्या मैदानांवर कापड अंथरून, क्षारात उकळून आणि ताकात भिजवून ते पांढरेशुभ्र करत. हाल्सच्या चित्रांतल्या गळपट्ट्या आणि मनगटाच्या झालरी पाहताना हे लक्षात असू द्या. ज्या गावात पांढऱ्या रंगावर पोट चालत होते, त्या गावातली ही चित्रे आहेत.

१६१० मध्ये तो चित्रकारांच्या संघात दाखल झाला आणि १६६६ मध्ये हार्लेमलाच वारला. त्याची स्वतंत्र रेखाटने आज एकही माहीत नाहीत. तो थेट कॅनव्हासवर, पुष्कळदा खालचा रंग ओला असतानाच वरचा रंग लावत काम करत असे. त्याची कीर्ती मध्यंतरी विझली होती. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच समीक्षक तोरे-ब्यूर्गरने त्याच्यावर लिहिले, १८६२ मध्ये हार्लेमच्या नगरभवनात शहराचे म्युझियम उघडले आणि माने, मोने, व्हिस्लर असे चित्रकार तिथे येऊन गेले. आताच्या जागेत म्युझियम १९१३ मध्ये आले.

ही जागा समजून घ्या, कारण शेवटची दोन चित्रे तिच्याशी जोडलेली आहेत. ही इमारत १६०९ च्या सुमारास वृद्ध पुरुषांचे आश्रमगृह म्हणून उभी राहिली. मधल्या चौकाभोवती म्हाताऱ्यांच्या छोट्या खोल्या होत्या. १८१० नंतर जवळजवळ शतकभर तिथे अनाथालय होते. १६६४ मध्ये हाल्सने ज्या विश्वस्तांना रंगवले, ते याच आश्रमगृहाचे विश्वस्त होते. समोरच्या बाजूला, त्याच गल्लीत, सेंट एलिझाबेथ रुग्णालयाची जुनी इमारत आहे. त्याचे विश्वस्त १६४१ च्या चित्रात बसलेले आहेत.

तारीख आणि तिकीट

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेनचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात मुलाखतीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. ३०,००० युरोचे संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे.

दिवस ठरवताना सोमवार टाळा. म्युझियम सोमवारी बंद असते, इतर दिवशी साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ५. रविवारीही उघडे असते, पण हाल्सची कबर ज्या चर्चमध्ये आहे ते रविवारी प्रार्थनेसाठी असते आणि पर्यटकांना तेव्हा आत जाता येत नाही. दोन्ही एकाच दिवशी हवे असेल तर मंगळवार ते शनिवार यांतला दिवस घ्या. शनिवारी ग्रोटे मार्क्ट या मुख्य चौकात बाजार भरतो. चीज, मासे आणि फुलांचे ठेले पाहायला छान वाटतात, पण गर्दीही बरीच होते. शांत दालने हवी असतील तर बुधवार-गुरुवार उत्तम.

तिकीट घेण्यापूर्वी म्युझियमच्या संकेतस्थळावर दोन गोष्टी तपासा. पहिली, त्या तारखेला हाल्सची दालने उघडी आहेत ना. दुरुस्ती किंवा नव्या मांडणीसाठी जुन्या इमारतींतली दालने बंद राहतात. दुसरी, आठांपैकी कुठले चित्र बाहेर प्रदर्शनाला किंवा जतनाच्या कार्यशाळेत गेले आहे का. २०२३-२४ मध्ये लंडन, ॲमस्टरडॅम आणि बर्लिन इथे हाल्सचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा हार्लेमच्या भिंतींवर मोकळ्या जागा होत्या. एवढ्या लांब जाऊन पाटीवर 'चित्र उसने दिले आहे' वाचण्यापेक्षा आधी एक ईमेल पाठवा. अशा प्रश्नांना डच संग्रहालये इंग्रजीत नीट उत्तर देतात.

ॲम्स्टलवीन, हेग किंवा आइंडहोव्हनला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी वर्षाचे म्युझियमकार्ट घ्यावे. त्यावर देशभरातल्या शेकडो संग्रहालयांत प्रवेश मिळतो. हाल्ससाठी त्याचा खरा फायदा असा की एका दिवसात सगळे उरकायची घाई राहत नाही. एका भेटीत तीन चित्रे पाहून परत यावे.

स्टेशनपासून म्युझियमच्या दारापर्यंत

ॲमस्टरडॅम सेंट्रालवरून हार्लेमला तासाला अनेक गाड्या असतात आणि प्रवास पंधरा ते वीस मिनिटांचा आहे. स्खिपहोल विमानतळावरून ३०० क्रमांकाची बस थेट हार्लेम स्टेशनला येते. वेगळे तिकीट काढायची गरज नाही. संपर्करहित बँक कार्ड चढताना यंत्राला टेकवायचे आणि उतरताना पुन्हा तेच कार्ड टेकवायचे. इथे आपल्याकडच्या लोकांची हमखास अडचण होते. भारतीय बँका कार्डावरचे परदेशी व्यवहार आणि टेकवून पैसे देण्याची सोय ही दोन्ही बटणे मुळात बंदच ठेवतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही सुरू करा. माणशी एक कार्ड लागते, नवरा-बायकोला एका कार्डावर जाता येत नाही. आणि चढताना फोन टेकवला असेल तर उतरतानाही फोनच टेकवा. तेच कार्ड फोनमध्ये असले तरी यंत्र त्याला वेगळे समजते आणि प्रवास अर्धवट राहिल्याचा जादा आकार कापला जातो.

हार्लेमचे स्टेशन १९०८ चे आहे. लाकडी प्रतीक्षालये आणि रंगीत फरशांची चित्रे यांसाठी फलाटावरच पाच मिनिटे थांबण्यासारखे. दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडून क्राउसवेखने सरळ निघा. कालवा ओलांडला की क्राउसस्ट्राट, पुढे बार्टेलयोरिसस्ट्राट आणि मग ग्रोटे मार्क्टचा चौक. डावीकडे सेंट बाव्होचे प्रचंड चर्च, जवळच १६०३ चा जुना मटणबाजार फ्लेसहाल आणि उजवीकडे नगरभवन.

याच चौकात बरेच जण फसतात. फ्रान्स हाल्स म्युझियमची दुसरी शाखा इथेच आहे, 'हाल' नावाची, आणि तिथे आधुनिक कलेची प्रदर्शने भरतात. दारावर फ्रान्स हाल्सचेच नाव पाहून लोक आत जातात आणि अर्धा तास हाल्स शोधतात. आपल्याला हवी ती जुनी इमारत ग्रोट हाइलिखलांड ६२ या पत्त्यावर, चौकापासून दक्षिणेला सात-आठ मिनिटांवर आहे. चर्चच्या मागच्या अंगाने वार्मुसस्ट्राटमध्ये शिरा आणि सरळ चालत राहा. रस्त्याचे नाव बदलत जाते, दिशा तीच राहते. डाव्या-उजव्या हाताला पायऱ्यांच्या आकाराच्या त्रिकोणी माथ्याची विटांची घरे लागली की आलात.

मोठी पाठपिशवी, छत्री आणि पाण्याची बाटली लॉकरमध्ये ठेवावी लागते. जवळ ठेवायच्या गोष्टी तीन: वही आणि पेन्सिल (पेन नको), जवळच्या अंतरावरही स्पष्ट दिसणारी छोटी दुर्बीण, आणि नेहमीचा चष्मा. दुर्बीण निवडताना ती दोन मीटरवरच्या वस्तूवर नेमकी जमते का, एवढेच बघा. चार मीटर रुंद चित्राचा वरचा कोपरा त्याशिवाय दिसत नाही. प्रोग्रेसिव्ह काचेचा चष्मा असणाऱ्यांना एक-दीड मीटरवर मान वर-खाली करावी लागते. दूरच्या नंबरचा साधा चष्मा सोबत असेल तर फार आराम मिळतो.

वेळेचा हिशेब भारतीय घड्याळाने करा. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुपारी तीनला तिथे उभे असताना शरीराच्या दृष्टीने संध्याकाळ उलटलेली असते आणि नजर थकते. दार उघडताच आत शिरा.

पाहण्याची रीत

दालनांची मांडणी बदलत असते, म्हणून दालन-क्रमांकांवर विसंबू नका. पाटीवरचे साल पाहा आणि त्या क्रमाने फिरा, मग त्यासाठी दालनांतून दोनदा मागे-पुढे यावे लागले तरी चालेल.

प्रत्येक चित्रासाठी तीन जागा ठरवा. पहिली, चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर. चित्र तीन मीटर रुंद असेल तर साडेचार मीटर. तिथे दोन मिनिटे नुसते उभे राहा. कोण कोणाकडे पाहतो आणि कोण थेट आपल्याकडे पाहतो, हे मोजा. दुसरी जागा दोन मीटरवर, इथे एकच चेहरा निवडा. तिसरी जागा राखणदार जिथपर्यंत येऊ देतील तिथे, साधारण हातभर अंतरावर. आता चेहरा सोडून द्या आणि फक्त एक बाही, एक हातमोजा किंवा कमरेच्या पट्ट्याची गाठ पाहा. जवळून तिथे कापड नसते, तिरके, कोनदार, एकमेकांना चिकटून मारलेले रंगाचे फटकारे असतात. आता नजर त्याच गाठीवर ठेवून पावलापावलाने मागे या. ठरावीक अंतरावर ते फटकारे अचानक रेशीम होतात. ते अंतर प्रत्येक चित्रात वेगळे असते. १६१६ च्या चित्रात एक-दीड मीटरवरच सगळे जुळते, १६६४ च्या चित्रात तीन-चार मीटर मागे यावे लागते. हा फरक वहीत लिहून ठेवा, कारण हाल्सच्या अठ्ठेचाळीस वर्षांत काय घडले ते त्या आकड्यांत दिसते.

काळ्या रंगाला वेगळा वेळ द्या. व्हॅन गॉगने १८८५ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात हाल्सकडे सत्तावीस प्रकारचे काळे असल्याचे म्हटले आहे. सत्तावीस सापडतील असे नाही, पण एका अंगरख्यात पाच-सहा तरी सापडतात: निळसर काळा, तपकिरीकडे झुकणारा, मखमलीचा प्रकाश गिळणारा, साटीनचा उजळणारा, सावलीतला राखाडी काळा. ते दिसायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटात सगळे एकच दिसते, डोळा स्थिरावला की थर वेगळे होतात. वार्निशवर दिव्याची चमक येत असेल तर चित्रासमोरून एक-दोन पावले बाजूला सरका, गडद भाग लगेच उघडतो.

म्हणूनच मोबाइलचा इथे उपयोग कमी. फ्लॅशशिवाय फोटो काढता येतो, पण फोन अंधारा भाग आपोआप उजळतो आणि सगळे काळे एका राखाडी पट्ट्यात बदलतात. फोटो काढायचाच असेल तर पडद्यावर काळ्या अंगरख्याला बोट लावून उजेड खाली ओढा आणि सबंध चित्राऐवजी तळहाताएवढा भाग टिपा. सबंध चित्रे संकेतस्थळांवर चांगली मिळतात.

नगररक्षकांची पाच चित्रे

हार्लेममध्ये नगररक्षकांची दोन दले होती, सेंट जॉर्जचे आणि सेंट एड्रियनचे. अधिकाऱ्यांची मुदत तीन वर्षांची असे आणि मुदत संपली की मोठी मेजवानी होई. या मेजवान्या इतक्या लांबत की १६२१ मध्ये त्या तीन-चार दिवसांत आटोपाव्यात असा नियम शहराला काढावा लागला. मावळते अधिकारी आपली आठवण म्हणून समूहचित्र काढून घेत आणि ते दलाच्या सभागृहात टांगले जाई. हाल्स स्वतः १६१२ पासून सेंट जॉर्जच्या दलात होता, म्हणजे ज्यांना रंगवले ते त्याच्या ओळखीचे होते.

त्याच्याआधी कॉर्नेलिस व्हान हार्लेम याने १५८३ आणि १५९९ मध्ये अशीच चित्रे काढली. ती याच म्युझियममध्ये आहेत. सुरुवात तिथून करा. १५८३ च्या चित्रात माणसे दाटीवाटीने भरलेली आहेत, सगळे काही ना काही करत आहेत, पण नजर कुठे ठरत नाही. पंधरा मिनिटे पुरेत.

मग १६१६ चे सेंट जॉर्जच्या अधिकाऱ्यांचे मेजवानीचे चित्र. सुमारे पावणेदोन मीटर उंच, सव्वातीन मीटर रुंद, अकरा अधिकारी आणि एक सेवक. बसण्याचा क्रम हुद्द्याचा आहे: कर्नल आणि ज्येष्ठ अधिकारी टेबलाच्या मानाच्या टोकाला, झेंडे घेतलेले तरुण निशाणदार उभे. एवढे सगळे पाळूनही पाहुण्याने दार उघडले आणि सगळ्यांनी मान वळवली असे वाटते. झेंड्याचा तिरका पट्टा वरून खाली येतो आणि तो बारा डोकी एकत्र बांधतो. आडव्या हाताने झेंडा झाका आणि पाहा, माणसे लगेच विखुरतात. जवळ जाऊन टेबलावरच्या पांढऱ्या कापडाची विणलेली नक्षी पाहा. तरुण हाल्सने इथे अजून धीराने, बारकाईने काम केले आहे.

१६२७ च्या सुमाराची दोन चित्रे हा या म्युझियमचा सर्वांत आनंदी भाग. एक सेंट जॉर्जचे, दुसरे सेंट एड्रियनचे. पाऊण तास इथे घाला. सेंट जॉर्जच्या चित्रात पिवळ्या अंगरख्यातला कॅप्टन मिखिल द वाल आहे. त्याने पेला उपडा धरला आहे, संपलेला. त्याच्या हातापाशी थांबा. काच दाखवायला किती कमी रंग पुरला आहे ते बघा: दोन-तीन पांढरे स्पर्श, बाकी मागचा रंग तसाच. मग लेसच्या गळपट्ट्यांकडे वळा. लेसचा एकही धागा रंगवलेला नाही. पांढऱ्या पट्टीवर गडद ठिपके देऊन भोके दाखवली आहेत आणि डोळा मधली जाळी स्वतःच विणतो. आपल्याकडे चांगला रांगोळी काढणारा चिमटीतली पूड सोडतो, तशी ही हाताची खात्री आहे. पुसून पुन्हा काढायची सोय ओल्या रंगात नसते.

दोन चित्रांची तुलना करताना एका बैठकीत एकच प्रश्न घ्या. आधी फक्त हात पाहा, मग फक्त डोळे, मग फक्त कमरेचे पट्टे. सगळे एकदम पाहायला गेलात की काहीच हाती लागत नाही.

१६३३ च्या सुमाराच्या चित्रात सेंट एड्रियनचे चौदा जण घराबाहेर, झाडांपुढे आले आहेत. रंग अजून उजळ आहे, पण हालचाल शांत होऊ लागली आहे. १६३९ चे सेंट जॉर्जचे चित्र सर्वांत रुंद, चार मीटरच्या वर, त्यात एकोणीस जण. मांडणी दोन ओळींची आणि खरे सांगायचे तर पाचांतली सर्वांत सपाट. तिथे एक चेहरा मात्र शोधा: वरच्या रांगेत डावीकडून दुसरा. तो स्वतः हाल्स असल्याचे मानले जाते. दुर्बीण इथे काढा. या दोन चित्रांच्या मध्ये, १६३७ साली, डच ईस्ट इंडिया कंपनीने कोकणात वेंगुर्ल्याला वखार घातली. ज्यांनी वेंगुर्ल्यातले त्या डच वखारीचे अवशेष पाहिले आहेत, त्यांना त्या काळचे डच नागरिक कसे दिसत आणि कसे बसत-उठत ते इथे समोरासमोर पाहता येईल.

यानंतर सक्तीने विश्रांती घ्या. चौकातल्या बागेत बाहेर बसा किंवा कॅफेत जा. शाकाहारींना चीज घातलेला भाजका पाव, टोस्टी, बहुतेक ठिकाणी मिळतो. हॅम नको असेल तर मागवतानाच 'फक्त चीज' असे स्पष्ट सांगा. वीस मिनिटांनी परत या. पुढची चित्रे थकलेल्या डोळ्यांनी पाहायची नाहीत.

विश्वस्त आणि विश्वस्त स्त्रिया

१६४१ चे सेंट एलिझाबेथ रुग्णालयाचे पाच विश्वस्त आधी पाहा. झेंडे गेले, पट्टे गेले, उरले काळे कपडे, पांढऱ्या गळपट्ट्या आणि बाजूने येणारा उजेड. ही मंडळी हिशेबाला बसली आहेत. दहा-पंधरा मिनिटांत पुढे सरका.

१६६४ ची दोन्ही चित्रे शक्यतो सलग पाहा: आश्रमगृहाचे पाच विश्वस्त आणि त्यांचा सेवक, आणि चार विश्वस्त स्त्रिया व त्यांच्यासोबतची सेविका. हाल्स तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. हाताशी पैसा नव्हता. शहराने त्याच वर्षी त्याला सालाना २०० गिल्डरचे निवृत्तिवेतन आणि जळणासाठी पीटच्या, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीच्या, गाड्या मंजूर केल्या. यावरून एक कथा पसरली की तो याच आश्रमगृहात राहत होता आणि विश्वस्तांवरचा राग त्याने चित्रात काढला. तो तिथे राहत नव्हता. मार्गदर्शक ही कथा अजूनही सांगतात. ती डोक्यात घेऊन उभे राहिलात तर प्रत्येक चेहऱ्यावर क्रौर्य दिसू लागते आणि रंगकाम दिसायचे राहून जाते. तिरकी टोपी आणि सुटे केस असलेल्या विश्वस्तालाही पूर्वी दारुडा ठरवले गेले. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी असावी, असाही तर्क मांडला गेला आहे.

विश्वस्त स्त्रियांचे हात बघा. हातभर अंतरावर बोटे सापडत नाहीत. राखाडी, गुलाबी आणि मळकट पांढरा असे चार-पाच ओढलेले पट्टे असतात. मागे सरकत जा. तीन मीटरच्या पुढे तो हात म्हातारा होतो, त्यातली हाडे आणि सैल कातडी दिसते. मनगटाच्या पांढऱ्या पट्टीवर कुंचला एकदाच फिरलेला आहे. पुरुषांच्या चित्रात उजवीकडच्या विश्वस्ताच्या गुडघ्यावरचा लालसर मोजा पाहा. एवढ्या काळ्यात तो एकच उबदार रंग आहे, आणि हाल्सने तो किती सैल हाताने टाकला आहे. प्रत्येक चित्राला वीस मिनिटे द्या. ती जास्त वाटली तर बसून पाहा, पण पाहा.

वेळ उरली तर यूडिथ लेस्टरची चित्रे शोधा. ती हार्लेमचीच चित्रकार आणि तिची कामे कित्येक दशके हाल्सची म्हणून विकली जात होती. १८९३ मध्ये तिची सही ओळखली गेली आणि ती पुन्हा उजेडात आली. ट्युलिपच्या कंदांच्या सट्ट्याच्या वेडावर काढलेले यान ब्रूगेल धाकट्याचे माकडांचे चित्रही याच संग्रहात आहे, मुलांना ते फार आवडते.

बाहेर पडल्यावर

चौकातल्या सेंट बाव्होच्या चर्चमध्ये हाल्सची कबर वेदीकडच्या भागात, जमिनीतल्या दगडांमध्ये आहे. तिकीट देणाऱ्यांना विचारलेत तर जागा दाखवतात. वर १७३८ चा म्युलरचा ऑर्गन आहे. दहा वर्षांचा मोत्सार्ट तो १७६६ मध्ये वाजवून गेला.

ॲमस्टरडॅमचे राइक्सम्युझियम हार्लेमच्या आधी नको, नंतर ठेवा. ते रोज ९ ते ५ उघडे असते, वेळ ठरवूनच तिकीट मिळते आणि १८ वर्षांपर्यंत प्रवेश मोफत आहे. तिथे 'आनंदी मद्यपी' आणि इसाक मासा व बेआट्रिक्स व्हान डेर लान यांचे जोडचित्र आहेच, पण हार्लेमहून आलेल्या डोळ्यांसाठी खरा धडा 'किडकिडीत कंपनी' या टोपणनावाच्या चित्रात आहे. ॲमस्टरडॅमच्या नगररक्षकांनी ते १६३३ मध्ये हाल्सकडे सोपवले. माणसांना बसवायला हाल्सने वारंवार ॲमस्टरडॅमला यावे अशी त्यांची अट होती. तो यायला तयार नव्हता आणि ते हार्लेमला जायला तयार नव्हते. वाद विकोपाला गेला आणि १६३७ मध्ये उरलेले काम पीटर कोडे याने पूर्ण केले. चित्र सव्वाचार मीटर रुंद आहे, त्यात सोळा जण. डावीकडच्या टोकाला चंदेरी-राखाडी पोशाखातला निशाणदार आहे, नारिंगी पट्टा बांधलेला. तिथून सुरुवात करून एकेक हात आणि एकेक हातमोजा पाहत उजवीकडे सरका. मध्याच्या पुढे एका जागी कापड गुळगुळीत होते, फटकारे मिटतात आणि बोटांना नीट कडा येतात. पाटी न वाचता ती जागा शोधा.